भिशीच्या पैशातून बँकॉक



आपल्याकडे भावंडे एकत्र येतात ती लग्नाला, मयताला, सहा डिसेंबरला, नाहीतर बापाच्या खोलीच्या हक्कसोडपत्रावर सही करायला. दोन बहिणी संसार बाजूला ठेवून नुसत्या फिरायला गेल्या, असे आपल्या वस्तीत फारसे ऐकू येत नाही. त्यात परदेश म्हटला की लोक विचारतात, पैसे उतू चाललेत का? आम्हालाही विचारले. म्हणून आज थोरल्या बहिणीबरोबर पाहिलेल्या बँकॉक शहराची हकिकत या सदरात लिहिते आहे.

आक्का डोंबिवलीला राहते, मी कल्याण पूर्वेला. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई कामावर जायची तेव्हा मला कडेवर घेऊन तिने सातवी पूर्ण केली आणि शाळा सोडली. पुढे मी शिकले, नोकरीला लागले. पुष्कळ घरांत असेच झाले आहे. आजारपणे, बाळंतपणे, आईची शेवटची दोन वर्षे आम्ही दोघींनी मिळून काढली. सुटी मात्र कधीच मिळून घेतली नाही. आक्काच्या गल्लीत वीस बायकांची भिशी आहे. त्यात दोघींनी एकेक हप्ता लावला, वीस महिने भरला आणि पासपोर्ट काढले. तिचा मुलगा म्हणाला, त्या पैशात घराला लादी बसवू. आक्का म्हणाली, "लादी मी गेल्यावर बसव. तेव्हाच लोक बसायला येतील."

२४ जानेवारी २०२५ च्या रात्री निघालो. तिथल्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. सम्राट अशोकाच्या काळात सोण आणि उत्तर या दोन थेरांना धम्मप्रसारासाठी सुवर्णभूमीला पाठवले, असे महावंसात सांगितले आहे. तेच नाव आता भल्यामोठ्या काचेच्या इमारतीवर आहे. तिथे कालगणनाही बुद्धाब्दाची. कागदोपत्री सगळीकडे साल २५६८!

बाहेर आलो तर हवेत दाट धुरके. डोंबिवली एमआयडीसीच्या वाऱ्यात आयुष्य काढलेली आक्का म्हणाली, "हे तर घरचेच." त्याच आठवड्यात हवा इतकी बिघडली होती की बँकॉकमधल्या साडेतीनशेवर शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पण लोकांनी खासगी गाड्या घरी ठेवाव्यात म्हणून सरकारने २५ ते ३१ जानेवारी या काळात शहरातल्या रेल्वे, मेट्रो आणि सरकारी बस सर्वांना फुकट केल्या. आमचा प्रवासखर्च वाचला हे खरे, पण मला जास्त महत्त्वाचे दुसरेच वाटले. आपल्याकडे हवा बिघडली की बांधकामे थांबवतात आणि पहिला रोज बुडतो तो बिगाऱ्याचा.

एवढ्या मोठ्या शहरात हरवू, ही भीती आमच्या घरच्यांना होती. सकाळी आठ बावीसची लोकल पकडणाऱ्या बाईला कसली भीती? बँकॉकची उंचावरून धावणारी स्कायट्रेन १९९९ साली सुरू झाली, जमिनीखालची मेट्रो २००४ साली. प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर आकडा दिलेला असतो. मेट्रोच्या निळ्या मार्गावर हुआ लाम्फोंग अठ्ठावीस, सनाम चाई एकतीस. थाई अक्षर आम्हा दोघींनाही येत नव्हते आणि इंग्रजी आक्काला येत नाही. तिने आकडे धरले. दुसऱ्या दिवसापासून तीच पुढे चालू लागली. "चल, अजून तीन स्टेशनं," म्हणायची, आणि बरोबर तिथेच उतरायची.

शहराच्या मधून चाओ फ्राया नदी वाहते. तिच्यातून बोटी लोकलसारख्या धावतात. धक्क्याला टेकतात न टेकतात तोच माणसे चढतात-उतरतात. कामावर जाणाऱ्या बायका डबा घेऊन बसलेल्या. वसई-ठाणे-कल्याण जलवाहतुकीच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. तशी कल्याण ही जुनी बंदरपेठ. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावे दगडात कोरलेली आहेत. समुद्रापार जाणे आपल्या गावाला नवे नव्हते.

सनाम चाईला उतरलो की वात फो जवळच आहे. वात म्हणजे विहार. तिथली पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. डोके एका दारापाशी, पावले पार दुसऱ्या टोकाला. तळपायांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ शुभचिन्हे. भिंतीलगत काशाची १०८ पात्रे ठेवलेली, त्यांत लोक एकेक नाणे टाकत जातात आणि त्याचा किणकिणाट सतत चालू असतो. आक्का हात जोडून त्रिशरण म्हणू लागली. शेजारी एक थाई आजी होती, तिने ऐकले आणि तीही म्हणू लागली. चाल निराळी, उच्चार निराळे, पण पाली तीच. दोघींना एकमेकींचे दुसरे काहीच कळत नव्हते. शेवटी आजीने आक्काचा हात धरून हसून मान हलवली.

मला मात्र तिथल्या दगडी पाट्यांनी धरून ठेवले. तिसरा राम या राजाने १८३० च्या दशकात विहाराचा जीर्णोद्धार करताना औषधोपचार, अंगमर्दन, काव्य अशा विद्या पाट्यांवर कोरून भिंतींत बसवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावे म्हणून! त्याच काळात आपल्या देशात आपल्या पणजोबांना अक्षर बघायचीही बंदी होती. या शिलालेखांना युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत स्थान मिळाले आहे.

खाण्याचे हाल होतील असे वाटले होते. एका हातगाडीवर बाई उखळात कच्ची पपई, मिरची, लसूण आणि सुकी कोळंबी ठेचत होती. "अगं, हे सोडे!" आक्का ओरडली. भात, मासळी आणि ठेचा मिळाल्यावर उपाशी राहायचे कारणच नव्हते.

रात्री खोलीत पाय चेपत बसायचो. तिसऱ्या रात्री मी विचारले, आक्का, तुला शाळा कुणी सोडायला लावली? म्हणाली, "कुणी नाही. आई सकाळी तुला सोडून निघताना रडायची, ते मला बघवत नव्हतं." मग म्हणाली, "सातवीला गणितात शंभरात एक्क्याऐंशी होते मला. कागद अजून डब्यात आहे." सत्तेचाळीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकले. घरी पाण्याची वेळ, गाडीची वेळ, नातवंडांच्या शाळेची वेळ, यातून बोलायचे कधी?

शेवटच्या दिवशी वात त्रैमित पाहिले. तिथली बुद्धमूर्ती साडेपाच टन सोन्याची आहे. चुन्याच्या लेपाखाली ती इतकी वर्षे झाकलेली होती की आत सोने आहे हे लोक विसरले होते. १९५५ साली जागा बदलताना मूर्ती निसटली, लेप तडकला आणि खालचे सोने दिसले. आक्का तिथे बराच वेळ बसून राहिली.

जायचे मनात असेल त्यांनी व्हिसाचे नियम आधी नीट विचारून घ्यावेत, ते बदलतात. आम्हाला व्हिसा लागला नाही, पण १ मे २०२५ पासून आगमनपत्र संगणकावर आधीच भरावे लागते. ग्रँड पॅलेसचे तिकीट माणशी ५०० बाथ आहे, आणि एका बाथला अडीच रुपयांच्या वर पडतात. आम्ही बाहेरूनच पाहिला. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. स्त्रियांनी भन्तेजींना स्पर्श करू नये. "आज विहार बंद आहे, दुसरीकडे नेतो" असे सांगणाऱ्या रिक्षावाल्याचे ऐकू नये. कल्याण स्टेशनबाहेर उभे राहिलेल्यांना हे सांगायला नकोच. आणि भिशी लावाल तेव्हा शेवटचा नंबर मागून घ्या. पैसे आधी हातात आले की लादीत जातात.