फादर हेरास : चुकलेले वाचन आणि न वाचलेली पत्रे

नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा येथे तापी-गोमाईच्या संगमावर येणारा यात्रेकरू केदारेश्वराचे दर्शन घेऊन परततो. दक्षिण काशी ही गावाची ख्याती त्याला पुरेशी असते. गावच्या जुन्या पांढरीकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. १९५५ साली बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगीत खापरे हाती आली, आणि तापीकाठची वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे गेली. त्याच वर्षाच्या १४ डिसेंबरला मुंबईत फादर हेन्री हेरास यांचे निधन झाले. योगायोग एवढाच, पण खापरे मुकी असतात हे ज्यांना मनापासून मान्य नव्हते असे हे इतिहासकार. मोहेंजोदडोच्या मुद्रांना बोलते करण्याची त्यांना घाई झाली होती.

१८८८ मध्ये बार्सिलोना येथे जन्मलेले, येशूसंघाचे हे धर्मगुरू १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. कोणता इतिहास शिकवाल, असे विचारले तेव्हा 'जो मला येत नाही तो, म्हणजे भारताचा' अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका आहे. चारच वर्षांत त्यांनी इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९८१ साली टपाल तिकिटही निघाले. मात्र नाव निघाले की आठवते ते सिंधू लिपीचे वाचन. १९५३ च्या ग्रंथात त्यांनी मुद्रांवरची अख्खी वाक्ये द्राविडी भाषेत वाचून दाखवली. ती विद्वानांनी स्वीकारली नाहीत, आणि ते योग्यच झाले. माशाचे चिन्ह म्हणजे 'मीन', अर्थात मासा आणि ताराही, ही एक कल्पना तेवढी टिकली. आस्को पार्पोला यांनी ती पुढे नेली.

आम्हांस बोलायचे आहे ते दुसऱ्याच हेरासांविषयी.

१९३३ साली त्यांनी जेझुइटांच्या भारतातील धर्मांतर-धोरणावर पुस्तक लिहिले. लेखक आणि विषय एकाच घरचे. असे पुस्तक वाचताना अ. का. प्रियोळकरांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरील १९६१ चा ग्रंथ शेजारी ठेवावा, म्हणजे तराजू सरळ राहतो. धर्मगुरूने स्वतःच्या धर्मसंघाचा इतिहास लिहूच नये असे आमचे म्हणणे नाही. पण तिथे त्याची लेखणी किंचित जड होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

उलट १९२७ चा आरविडू घराण्यावरील ग्रंथ पाहावा. विषय चर्चचा नाहीच. तालिकोटच्या लढाईनंतरच्या विजयनगरचा आहे. शिलालेख, ताम्रपट आणि काव्ये यांच्या जोडीला त्यात जेझुइट पाद्रींची पत्रे येतात. ही मंडळी चंद्रगिरीला वेंकटपती रायाच्या दरबारी होती. त्यांनी वरिष्ठांना लिहिले ते आपल्या मिशनचे हिशेब म्हणून, आपल्या आशा आणि तक्रारी म्हणून. हेरासांनी त्यांतून दरबार वेचला, वाद वेचले, राजाचा स्वभाव वेचला. आमच्या मते चर्चच्या इतिहासकाराचे खरे सामर्थ्य येथे दिसते: घरचे कागद घेऊन तो घराबाहेर पडतो. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइश यांनीही आधी कदंबांचा इतिहास लिहिला (१९३१) आणि भारतातील ख्रिस्ती धर्माचा नंतर (१९६४). हा क्रम आम्हांस बोलका वाटतो.

मराठीच्या अभ्यासकांनी मात्र या कागदांना 'ख्रिस्ती मराठी साहित्य' नावाच्या एका प्रकरणात कोंडले आहे. १६१६ चे 'क्रिस्तपुराण', मग बाबा पदमनजी, मग टिळक. प्रश्नपत्रिकेत दहा गुणांची टीप, आणि प्रकरण बंद. (टीप लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो.) वाङ्मयेतिहासकाराला पाद्रींच्या पत्रव्यवहाराशी काय कर्तव्य, असे विचारले जाते. थॉमस स्टीफन्सने १५८३ साली गोव्याहून भावाला पत्र लिहिले आणि येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. पुराण रचण्याच्या तीसेक वर्षे आधी त्याचा कान या भाषांना लागला होता. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या इतिहासात त्या पत्राचा आवर्जून उल्लेख होतो. 'क्रिस्तपुराणा'च्या ओव्यांबरोबर मराठीच्या वर्गात ते कोणी वाचायला दिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.