इकारस कोणी बुडवला?

एका ई-नियतकालिकात ऑडनच्या ‘म्युझे दे बोझार’ (१९३८) या कवितेवरील लेख आमच्या वाचनात आला. लेख बरा आहे. त्याच्या माथ्यावर, कवितेत उल्लेखिलेले ब्रूगेलचे इकारसच्या पतनाचे चित्र रुंद पट्टी करून लावले आहे. पट्टीत नांगरणारा शेतकरी आहे, मेंढपाळ आहे, शिडे फुगवलेले गलबत आहे. नाही तो फक्त इकारस.

मूळ चित्रातही इकारस म्हणजे उजवीकडे खालच्या बाजूस पाण्याबाहेर धडपडणारे दोन पाय, एवढेच. (ब्रसेल्सच्या संग्रहालयातले हे चित्र खुद्द ब्रूगेलचे की त्याच्या हरवलेल्या चित्राची प्रत, हा वाद निराळा.)

विचारणा केली असता उत्तर मिळाले, ‘टेम्प्लेट आपोआप कापते.’ हे उत्तर आम्हांस मान्य नाही. चित्राने चौकट पूर्ण भरावी असे सांगितले की जास्तीचा भाग झाकला जातो. कोणता भाग झाकायचा, हे ‘ऑब्जेक्ट-पोझिशन’ या एका ओळीने ठरते. तीत दोन टक्केवाऱ्या, पहिली आडवी, दुसरी उभी. काहीच न लिहिल्यास दोन्ही ५० धरल्या जातात आणि वरून-खालून सारखीच छाट बसते. दुसऱ्या जागी १०० लिहिले असते, तर पाय दिसले असते. महत्त्वाचे ते मध्यभागी, हे यंत्राचे गृहीतक. ब्रूगेलने मात्र मरणारा मुलगा हेतुतः कडेला ठेवला, आणि कविताही त्याच्याकडे न पाहणाऱ्यांविषयीच आहे! लेख ज्या बेफिकिरीची चिकित्सा करतो, तीच त्याच्या माथ्यावर मिरवते आहे.

अवतरणातल्या ओळी गाळताना आपण तीन टिंबे देतो. विद्यार्थ्याने ती दिली नाहीत, तर आम्ही मराठीचे मास्तर लाल शाई काढतो. चित्राच्या छाटीला टिंबे नसतात. वाचकाला काही गाळले आहे याचा पत्ताही लागत नाही. असे असताना ही छाट संपादनाच्या कक्षेबाहेरची कशी?

पडदा अरुंद असतो, हे आम्हांसही ठाऊक आहे. शिवाय पट्टी खाली सरकवली, की क्षितिजावरचा सूर्य जातो. पंखांचे मेण वितळवले ते त्यानेच. निर्दोष छाट नाहीच. म्हणून ती कविता वाचलेल्या माणसाने ठरवावी, आणि पट्टीवर टिचकी मारताच अखंड चित्र उघडावे. आम्ही टिचकी मारून पाहिली. तीच पट्टी थोडी मोठी होऊन उघडली.