दिवा विझला म्हणजे दोष गेला का?

हल्ली घरात चार माणसं जमली की डिझेल गाडीचं रडगाणं सुरू होतं. "काका, तो पिवळा दिवा परत लागला!" गॅरेजवाला मशीन जोडतो, कोड पुसतो, पैसे घेतो. पंधरा दिवसांत दिवा पुन्हा हजर. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "फिल्टरच काढून टाका, कटकट मिटेल." मंडळी, माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे. मी मेकॅनिक नाही, साधा मराठीचा बी. ए.; पण मुलं कुठे चुकतात ते शोधण्यातच माझी सारी नोकरी गेली.

सातवीतल्या मुलाचा भागाकार चुकतो तेव्हा दोष बहुधा तिसरीतल्या पाढ्यांत असतो. प्रगतिपुस्तकातली लाल रेघ खोडल्याने पाढे पाठ होत नाहीत. गाडीचंही तसंच आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम आले. डिझेल मोटारीच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची काजळीची गाळणी बसली. साठलेली काजळी ही गाळणी सुमारे सहाशे अंश तापून जाळते. पण त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. आमच्याकडे रोज सावेडी ते माळीवाडा, वाटेत दहा वेळा ब्रेक! गाळणी तापायच्या आतच गाडी बंद. ही जळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली तर जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ते वेगळंच.

तरी दर वेळी दोष चालवण्याचाच असतो असंही नाही. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला, इंजेक्टर गळू लागला, टर्बोच्या पाइपला चीर गेली, की काजळी जास्त तयार होते आणि गाळणी लवकर भरते. चुकीचं ऑइल घातलं तर त्याची राख गाळणीत साठते, आणि राख काही केल्या जळत नाही. म्हणजे बोंब गाळणी मारते, चोर दुसराच असतो.

माझ्या पुतण्याच्या गाडीचा कोड एका गॅरेजने तीनदा पुसला. चौथ्यांदा फिल्टर कापायचा सल्ला दिला. दुसऱ्या एका मिस्त्रीने तासभर शांतपणे पाहिलं. गाळणीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी तडकली होती! गाळणी ठणठणीत, मोजणाराच खोटं बोलत होता.

"पण फिल्टर काढूनही पीयूसी मिळते की!" असं सांगणारे भेटतात. पीयूसीला डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा पाहतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. परीक्षेत न विचारलेला धडा पुस्तकातून फाडून टाकायचा का? अशी हातचलाखी मोठ्या कंपन्यांनीही करून पाहिली. २०१५ साली फोक्सवॅगनचं सॉफ्टवेअर अमेरिकेत पकडलं गेलं आणि त्याच डिसेंबरात भारतातही ३,२३,७०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्या कायद्यातही प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

गंमत म्हणजे देशात गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, आपल्याच अहिल्यानगरात आहे. तिच्या गावच्या माणसांनी तरी गाळणीवर करवत चालवू नये. कापलेल्या गाडीची काजळी शेवटी शाळेसमोर रिक्षाची वाट पाहणाऱ्या पोरांच्याच नाकात जाते.

म्हणून पुढच्या वेळी दिवा लागला की गॅरेजवाल्याला तीन प्रश्न विचारा. कोड नेमका कोणता? तो का आला? पुसण्याआधी काय काय तपासलं? उत्तरं लिहून ठेवा. आणि गॅरेजवाला नळ्या-सेन्सर नीट आहेत म्हणाला आणि गाळणी फार भरलेली नसली, तर एखाद्या रविवारी गाडी पुणे रस्त्याने सुप्यापर्यंत नेऊन आणा. कारण सापडेपर्यंत शोधत राहणं कंटाळवाणं असतं खरं, पण शिकवणं म्हणजे तरी दुसरं काय होतं?