केवढ्याला पडली?

तुळिंजला आमच्या सोसायटीत नवी गाडी आली की पेढ्याआधी प्रश्न येतो, 'केवढ्याला पडली?' माझा आकडा ऐकून शेजारचे काका म्हणाले, 'महाग घेतलीत हो! भाच्याला त्याच गाडीवर २० हजार सूट मिळाली.' झोप उडाली.

सकाळी दोन्ही बिले शेजारी मांडली. मूळ किंमत सारखीच. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर. तिथे घासाघीस नाही. भाच्याची सूट मात्र महागड्या विम्यात आणि सीटकव्हरांत जिरलेली! सुटीवरून भाव जोखणे व्यर्थ. विमा कुठूनही घेता येतो, हे दोघांनाही कोणी सांगितले नव्हते. माझ्या बिलात तर 'हँडलिंग'चेही पैसे. कसली हाताळणी, देव जाणे. उद्या तेच विचारायला शोरूमला जाणार आहे. काकाही येतो म्हणतात.