नव्या औषधाचा अधिवास

आपल्या जुन्या वैद्यकाने क्षयाला राजयक्ष्मा म्हटले. नाव राजाचे, पण आज या रोगाचा मुक्काम दहा बाय दहाच्या खोलीत, दगडखाणीवरच्या झोपडीत आणि विडी वळणाऱ्या हातांच्या घरात असतो. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतात आहे. ज्याच्या नात्यागोत्यात हा रोग कधी आलाच नाही, असे कुटुंब या स्मरणिकेच्या वाचकांत विरळाच असेल. म्हणूनच क्षयावरील नव्या औषधांचे संशोधन हा केवळ शास्त्रज्ञांनी पाहून घ्यावयाचा विषय आहे, असे आम्ही मानीत नाही.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, साठच्या दशकात रिफॅम्पिसिन आले. त्यानंतर सुमारे चार दशके या रोगासाठी संपूर्णपणे नव्या प्रकारचे औषध बाजारात आले नाही. याचे एक कारण त्या जंतूच्या स्वभावात आहे. इतर अनेक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. त्याच्याभोवती मेणासारखे जाड कवच असते, आणि फुप्फुसातील गाठींत तो महिनोन्महिने निपचित पडून राहतो. निद्रिस्त जंतूला मारणे जागत्याला मारण्याहून कठीण. शिवाय एकटे औषध दिले तर जंतू त्याला लवकरच सरावतो. म्हणून प्रत्येक नवे संयुग जुन्या औषधांसोबत पारखावे लागते, आणि त्यात वर्षे जातात. दुसरे कारण मात्र जंतूचे नव्हे, माणसाचे आहे. ज्या रोगाचा रोगी औषधाची किंमत मोजू शकत नाही, त्या रोगावर भांडवल लावण्यास कंपन्या फारशा उत्सुक नसतात.

अखेर बेडाक्विलिन आले. जंतूच्या पेशीतील ऊर्जानिर्मितीच बंद पाडणारे हे संयुग. त्याचा शोध २००५ च्या सुमारास शास्त्रीय नियतकालिकातून जाहीर झाला आणि डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईतील डॉक्टरांनी, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण आढळल्याचे जगापुढे मांडले होते. गरज आणि औषध एकाच वर्षी पुढे आले खरे, पण त्यांची भेट व्हायला फार काळ लागला.

२०१६ मध्ये भारतात हे औषध अवघ्या सहा केंद्रांवर मिळत होते. पाटण्याची एक अठरा वर्षांची मुलगी दिल्लीच्या एका रुग्णालयात पोहोचली, तेव्हा ती दिल्लीची रहिवासी नाही या कारणाने तिला औषध नाकारण्यात आले. अधिवासाच्या दाखल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या आमच्या वाचकांना याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये वाट मोकळी झाली. २०१८ मध्ये ती मुलगी गेली.

पुढचा लढा किमतीचा होता. मूळ पेटंटची मुदत भारतात जुलै २०२३ मध्ये संपणार होती, परंतु त्याच संयुगाच्या क्षारावर वेगळे पेटंट मागून ती २०२७ पर्यंत लांबविण्याचा प्रयत्न झाला. त्याला आव्हान दिले ते क्षयातून वाचलेल्या दोन स्त्रियांनी: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. जुन्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती. ज्यांना जुन्या औषधाने बहिरे केले, त्यांनी नव्या औषधासाठी आवाज उठविला. २०१९ मध्ये त्यांनी हरकत नोंदविली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. स्पर्धेची वाट खुली होताच, जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या औषधाचा २८९ डॉलरचा दर त्याच वर्षी १३० डॉलरपर्यंत उतरला. गोळी तीच होती!

संशोधनाला खर्च येतो, तो भरून निघालाच पाहिजे, असे यावर सांगितले जाते. तत्त्वतः हे आम्हांस मान्य आहे. पण खर्च कुणाचा, हेही विचारावे लागेल. बेडाक्विलिनच्या विकासात सार्वजनिक निधीचा वाटा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाहून मोठा होता, असा निष्कर्ष २०२० मधील एका अभ्यासाने काढला आहे. जनतेच्या पैशातून घडलेल्या औषधावर जनतेचा हक्क आधी, दराची वाटाघाट नंतर. निधी देतानाच ही अट लेखी घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नफ्याविना हे काम होतच नाही, असेही नाही. २०१९ मध्ये मान्यता मिळालेले प्रिटोमॅनिड हे ‘टीबी अलायन्स’ या ना-नफा संस्थेने विकसित केले.

या दोन औषधांना लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची जोड देऊन आता सहा महिन्यांचा उपचार शक्य झाला आहे. भारत सरकारने २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली. पूर्वी दीड-दोन वर्षे गोळ्या आणि त्याबरोबर महिनोन्महिने इंजेक्शने सोसावी लागत. तरीही निश्चिंत होण्याची वेळ आलेली नाही. बेडाक्विलिनलाही न जुमानणारे जंतू आताच आढळू लागले आहेत. पुढचे संयुग आज प्रयोगशाळेत असेल, तरच दहा वर्षांनी ते रुग्णाच्या हाती पडेल.

ते घडविणारे हात कुणाचे असतील? ज्या घरांत हा रोग येतो, त्या घरांतील मुले रसायनशास्त्रात फार पुढे जाताना दिसत नाहीत. बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर पदवीनंतरची पाच-सहा वर्षे बिनकमाईची काढणे घराला परवडत नाही म्हणून. डिप्लोमा झाला की औषधाच्या दुकानात नोकरी, हा सरळ रस्ता असतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याला, शक्यतो विद्यार्थिनीला, औषधसंशोधनासाठी किंवा पेटंट कायद्याच्या अभ्यासासाठी पूर्ण मुदतीची शिष्यवृत्ती द्यावी, अशी आमची सूचना आहे. रक्कम अशी असावी की घरून पैसे मागवावे लागू नयेत, उलट महिन्याकाठी थोडे घरी पाठविता यावेत. मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत.