प्रतिकृतीआधी नोंदवही

समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे मोसंबीसाठी नावाजलेल्या जालना जिल्ह्यातील गाव आहे. अशा गावातील विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रकल्प स्पर्धेत मिळविलेले यश केवळ क्रमांकावरून मोजणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवडलेल्या प्रत्येक कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये जमा होतात, आणि जिल्हा व राज्य पातळीवरील चाळणी पार करणाऱ्या प्रकल्पांना राष्ट्रीय प्रदर्शनात स्थान मिळते. मात्र देशभरातून सुमारे एक लाख कल्पना निवडून अखेरीस साठांचा गौरव करणे, अशीच या योजनेची रचना असल्यामुळे बहुतेक मुले मधल्या टप्प्यांवर थांबणार हे आधीच ठरलेले असते. त्यांच्या पदरी काय राहते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

१९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने त्याचे उत्तर आपल्या पद्धतीतूनच दिले आहे. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न निवडावा, स्वतः मोजमापे घ्यावीत आणि निष्कर्ष स्वतःच्या भाषेत मांडावेत, अशी तेथे अपेक्षा असते. त्यामुळे मराठीतून शिकणाऱ्या ग्रामीण मुलाची अर्धी अडचण तेथेच दूर होते.

जालना जिल्ह्यात तर विषयांची वाण नाही. मोसंबीच्या आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बागेचे पाणी काही काळ तोडले जाते, ज्याला शेतकरी ‘ताण देणे’ म्हणतात. त्यानंतर धरलेली फळे उन्हाळ्यात गळू लागली, की हातचे उत्पन्न जाते, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात तर जिल्ह्यातील अनेक बागा मुळासकट वाळून गेल्या. अशा ठिकाणी एखाद्या विद्यार्थ्याने एकाच वयाच्या काही झाडांच्या आळ्यांत पाचटाचे आच्छादन घातले, तितकीच झाडे तुलनेसाठी उघडी ठेवली (या दुसऱ्या गटाला ‘नियंत्रण गट’ म्हणतात), दोन्ही गटांना सारखे पाणी दिले आणि आठवड्याला गळालेली फळे मोजून तारखेसह लिहिली, तर थोड्या खर्चातले ते काम खऱ्या अर्थाने संशोधन ठरते. निकाल अपेक्षेविरुद्ध गेला तरी त्याची किंमत कमी होत नाही, कारण जे घडले ते जसेच्या तसे नोंदविण्याची सवय हीच या वयातील सर्वांत मोठी कमाई होय.

याउलट, बाजारातून आणलेल्या सुट्या भागांचे धरण किंवा ज्वालामुखी पाहणाऱ्याला आकर्षित करतो, पण तो बनविणाऱ्याला कोणताही नवा प्रश्न पडलेला नसतो. म्हणून तालुका पातळीवरील परीक्षकांनी प्रतिकृतीकडे वळण्यापूर्वी नोंदवही मागावी, आणि ती कोरी असल्यास सर्वांत देखण्या मांडणीलाही क्रमांक देऊ नये.