राजा भोजाला उसना चेहरा कशाला?

वसंत पंचमीला आमच्या गोंदिया जिल्ह्यात पोवारांच्या गावोगावी राजा भोजाची जयंती होते. मी त्याच समाजाचा. लहानपणापासून या मिरवणुकीत चालत आलो. म्हणजे हे घरातलेच भांडण आहे, आणि ते आता मोठ्या आवाजात भांडायची वेळ आली आहे.

यंदा आमगाव तालुक्यातल्या एका गावी चौकातल्या फ्लेक्सपुढे उभा होतो. त्यावरच्या भोजाच्या छातीवर पोलादी चिलखत, पिळदार मिश्या, हातात भाला. हे चिलखत कॅलेंडरवरच्या महाराणा प्रतापांचे. प्रताप सोळाव्या शतकातले, भोज अकराव्यातले. मधली पाचशे वर्षे फ्लेक्सवाल्याने गिळली आणि जयंती समितीने पैसे मोजले. शेजारच्या सहावीतल्या पोरीने बापाला विचारले, “बाबा, राजा भोज खरंच असे दिसायचे?” बाप म्हणाला, “हो, असेच.” त्या ‘हो’चा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

भोजाने धारहून साधारण १०१० ते १०५५ राज्य केले. त्याचा चेहरा सांगणारे त्याच्या काळातले एकही चित्र आपल्या हाती नाही. पोरीला तेवढेच सांगायचे होते. त्यात लाज कसली?

युरोपात बघा. फ्रँकांचा राजा शार्लमेन ८१४ साली वारला. त्याचे सर्वांत गाजलेले चित्र जर्मन चित्रकार ड्यूररने १५१२च्या सुमारास न्यूरेंबर्गसाठी रंगवले, मृत्यूनंतर सातशे वर्षांनी. डोक्यावरचा मुकुटसुद्धा शार्लमेनच्या नंतर घडवलेला. पण तिथले अभ्यासक हे उघड सांगतात, आणि त्याने ना चित्राची किंमत उतरली ना राजाची. आपल्याकडे शिवछत्रपतींच्या नावावर भलत्याच सरदाराचे चित्र खपत होते. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रे धुंडाळून ते खोडले आणि महाराजांचे चित्र पुढे आणले. भक्ती अशीही करता येते. तिला कष्ट पडतात, एवढेच.

भोजाचा चेहरा नाही, पण बाकी केवढे आहे! १०२० सालचे बांसवाडा आणि बेटमा इथले त्याचे ताम्रपट आहेत. त्यांवर त्याच्या परमार घराण्याचा गरुड आहे आणि ‘हा श्रीभोजदेवाचा स्वहस्त’ अशा अर्थाची सही कोरलेली आहे. भोजपूरला त्याच्या नावाचे अपुरे शिवमंदिर आहे. भोवतालच्या खडकांवर त्या बांधकामाचे नकाशे आजही दिसतात. त्याच्या नावावरच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात चित्रकलेवर प्रकरणे आहेत. कोणत्या रसाला नजर कशी काढावी, इथपर्यंत. अशा राजाचे चित्र आपण संगणकावर दहा मिनिटांत चिकटवाचिकटवी करून टांगतो. हा त्याचा मान नव्हे, अपमान आहे.

आणि चिलखतच का निवडले जाते, तेही बोलू. भाला दिसला की छाती फुगते. पोथी दिसली की फुगत नाही, तलावाची पाळ दिसली की नाहीच. भोपाळचा मोठा तलाव परंपरा भोजाचाच मानते. आपले धान बोडी, म्हणजे लहान तळी, आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाण्यावर पिकते, आणि त्या तलावांत गाळ साचला आहे. भोजाचा वारसा सांगणाऱ्यांनी जयंतीच्या वर्गणीतून एका बोडीचा गाळ काढला, तर तो राजा त्या फ्लेक्सपेक्षा तिथे जास्त ओळखू येईल.

चित्र काढूच नका, असे मी म्हणत नाही. चित्रकाराला कल्पनेचा हक्क आहे. समितीला खोटे बोलण्याचा नाही. पुढच्या वसंत पंचमीला प्रत्येक चित्राखाली ‘काल्पनिक चित्र’ हे दोन शब्द ठळक छापा आणि शेजारी ताम्रपटावरच्या सहीचा फोटो लावा. कोणी पोर विचारेल, तेव्हा त्या सहीवर बोट ठेवा आणि सांगा: चेहरा माहीत नाही, पण ही सही त्याची आहे.